गाडी पुन्हा पुन्हा तापते: पंखा, पाणी आणि प्रेशर तपासण्याचा क्रम

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव, बोलताना नुसतं ‘पाणी’) नवं भरलं, रेडिएटर धुऊन घेतला, आणि महिन्याभरात तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्टीकडे. असं होतं तेव्हा बहुतेक वेळा सुटा भाग बदललेला असतो, दोष सापडलेलाच नसतो. पंखा, रिले, सेन्सर, थर्मोस्टॅट, पंप, रेडिएटर, झाकण, गॅस्केट यांपैकी काहीही बिघडलं तरी गाडीवाल्याला दिसतं एकच: गाडी तापली. म्हणून ‘काय गेलंय?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, ‘नेमकी कधी तापते?’

कामाला हात लावण्याआधी दोन गोष्टी. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि उकळतं पाणी वाफेसकट एकदम तोंडावर येतं. वरचा होज पाइप दाबून बघा. दगडासारखा टणक लागला तर अजून वेळ आहे. दुसरं म्हणजे, बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो. पंख्याच्या पात्यांत हात घालायचा असेल तर त्याचा कनेक्टर आधी काढून ठेवा.

कधी तापते?

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये किंवा उभ्या उभ्या तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर दोष हवेच्या बाजूला आहे. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पंख्याचं काम जवळपास उरत नाही. म्हणजे वेगात सगळं ठीक आणि उभं राहिलं की गडबड, ही पंख्याचीच खूण. तिथे थर्मोस्टॅट बदलून काही मिळत नाही.

याच्या उलट, गावात व्यवस्थित चालते आणि हमरस्त्यावर किंवा चढावर तापते, तर पंख्याला दोष देऊ नका. तिथे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही: आतून चोक झालेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप, सरकणारा पट्टा, आत ओढला जाणारा खालचा होज.

गार इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा चढतो? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, सिस्टीममध्ये हवा अडकलीय किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय. फक्त एसी लावल्यावर तापते? कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसतो आणि त्याची उष्णता रेडिएटरला येऊन मिळते, त्यामुळे पंख्याची मंद गती बंद पडली असेल तर ते आधी एसी लावल्यावरच उघडं पडतं.

काटा वर आहे, पण आत हीटर लावला तर थंड हवा येतेय, ही खूण मोलाची आहे. हीटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही असा तिचा अर्थ. कूलंट कमी आहे, हवा अडकलीय किंवा पंप पाणी ढकलत नाही.

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम ‘शांत’ केलेला असतो. तापमान ७५ ते १०५ अंशांमध्ये कुठेही असलं तरी काटा मधोमधच उभा राहतो, आणि हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं यंत्र) लावून कूलंटचं तापमान थेट आकड्यात वाचणं, हा या सगळ्या तपासणीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी प्रकार. साधारणपणे थर्मोस्टॅट ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, पंख्याची मंद गती ९५ ते ९८ च्या आसपास आणि वेगवान गती १०० ते १०५ ला सुरू होते, आणि ९०-९२ ला पंखा थांबतो. गाडीगणिक यात फरक असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. स्कॅनरवर ११० दिसूनही पंखा गप्प असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

एक फसवी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. कूलंट खूप कमी झालं की सेन्सरचं टोक पाण्याबाहेर, हवेत लटकतं. हवा पाण्याइतकी उष्णता टोकापर्यंत पोचवत नाही, म्हणून काटा एकाएकी खाली येतो. गाडी थंड झाली असं वाटतं, आणि आत हेड भाजत असतं.

पंखा: हुकूम येत नाही की पंखाच फिरत नाही?

पंखा बंद दिसला की मोटर बदलायची घाई होते. पण मोटर ही साखळीची शेवटची कडी. तिच्याआधी सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, वायर, कनेक्टर आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसची जोडणी) आहेत. साखळी मधोमध तोडून बघितली की निम्मं काम एका मिनिटात होतं.

इंजिन सुरू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागल्यावर काही सेकंदांत पंखा फिरायला लागतो, इंजिन गार असलं तरी. फिरला, तर मोटर आणि त्या गतीचा रिले, फ्यूज, अर्थ सगळं शाबूत आहे; संशय तापमानाच्या सेन्सरकडे किंवा दुसऱ्या गतीच्या रिलेकडे वळवा. नाही फिरला तर मोटरपासून मागे चालत या. मात्र एसीचा गॅसच संपला असेल तर कॉम्प्रेसर लागत नाही आणि पंख्यालाही हुकूम जात नाही. आधी कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ करून ओढला गेला का, ते ऐका.

*मोटर डायरेक्ट करून बघणे.* इंजिन बंद ठेवून पंख्याचा कनेक्टर काढा. बॅटरीपासून किमान अडीच चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी घ्या, प्लसच्या वायरीत ३० अँपिअरचा फ्यूज घाला आणि मोटरला थेट जोडा. जोरात फिरली तर मोटर ठीक. कण्हत, हळूहळू फिरली तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) किंवा कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत. अजिबात फिरली नाही तर मोटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने हलकेच ठोका. ठोकल्यावर चालू झाली म्हणजे कार्बन संपत आलेत, आणि ही मोटर तुम्हाला भर ट्रॅफिकमध्ये दगा देणार हे नक्की. हाताने पातं फिरवूनही बघा: मोकळं फिरलं पाहिजे, घासल्याचा आवाज नको, आणि दांडा आडवा हलता कामा नये. काही मोटरी गार असताना मजेत चालतात आणि तापल्यावर अडकतात. त्यामुळे सकाळी तपासून ‘मोटर चांगली आहे’ म्हणणं पुरेसं नाही. गाडी तापलेली असताना हीच चाचणी पुन्हा करा. पंख्याला तीन-चार बारीक वायरी आणि त्याच्याच अंगावर कंट्रोल मॉड्यूल असेल, तर मात्र अशी थेट जोडणी करू नका. तो मॉड्यूल सिग्नलवर चालतो. चुकीच्या पिनला १२ व्होल्ट दिले की जळतो.

*व्होल्टेज चालू पंख्यावर मोजा.* इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मल्टिमीटर काढलेल्या कनेक्टरमध्ये घातला, १२.६ दिसले, आणि वायरिंग ठीक आहे असं जाहीर केलं. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२.६ दाखवतो, कारण मीटर जवळपास करंट ओढतच नाही. कनेक्टर जोडलेला आणि पंखा फिरत असताना मोजायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं मोटरच्या प्लस पिनेला: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं मोटरच्या अर्थ पिनेला: इथे ०.२ व्होल्टच्या वर काही नको.

याचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. मध्यम गाडीचा पंखा १५ अँपिअर ओढतो असं धरा. कनेक्टरमधली एक पिन सैल झाली आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा रोध तयार झाला. दीड व्होल्ट तिथेच गेले, आणि १५ अँपिअर गुणिले १.५ व्होल्ट म्हणजे सुमारे २२ वॉट उष्णता त्या इवल्याशा पिनेत साठायला लागली. जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नएवढी. कनेक्टरचं पांढरं प्लॅस्टिक आधी पिवळट होतं, मग तपकिरी, मग पिनेभोवती वितळून तिला तिरकी धरून ठेवतं. पितळी पत्तीचा ताण जातो, पकड आणखी ढिली होते, उष्णता आणखी वाढते. अशा जळक्या कनेक्टरमध्ये नवी मोटर जोडली की सहा महिन्यांत तीच तक्रार परत येते. मोटर बदलताना कनेक्टर आणि त्याच्या मागची चार इंच वायर कापून बदलायची. वायर कडक आणि काळी पडलेली दिसली तर तांबं चमकदार लागेपर्यंत मागे कापत जा.

*रिले.* खालच्या बाजूला ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५-८६ ही कॉइल, ३०-८७ हे पॉइंट. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे हॉर्नचा किंवा दुसरा त्याच नंबरचा रिले काढून तिथे लावणे. ‘टक् आवाज येतोय म्हणजे रिले चांगला’ हे खरं नाही. आवाज कॉइलचा असतो. पॉइंट जळलेले असले तरी टक् येतोच. रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ च्या जागा फ्यूज घातलेल्या जाड वायरीने जोडा. पंखा फिरला तर मोटर आणि वायरिंग सुटले. उरले रिले आणि त्याला येणारा हुकूम. सॉकेटमध्ये वाकून बघायला विसरू नका, मगाशी सांगितलेला तपकिरी डाग इथेही सापडतो.

*फ्यूज.* एकदा उडाला तर बदला. दुसऱ्यांदा उडाला तर ३० च्या जागी ४० घालू नका, त्याने फ्यूजऐवजी वायर जळते. मोटरचे बुश घट्ट झाले की ती जास्त करंट ओढते. डीसी क्लॅम्प मीटर लावून बघा: सुरू होताना क्षणभर उसळी येणारच, पण स्थिर झाल्यावर मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त राहत असेल तर मोटर संपलीय. काही फ्यूज वरून अखंड दिसतात आणि आत केसाएवढी भेग असते. डोळ्यांवर न जाता दोन्ही बाजूंना टेस्ट लॅम्प लावून बघा.

*मंद गतीचा रेझिस्टर.* दोन गतींच्या अनेक पंख्यांत मंद गती एका रेझिस्टरमधून मिळते. तो पंख्याच्या चौकटीवरच, वाऱ्याच्या झोतात बसवलेला असतो आणि जळतो पुष्कळदा. लक्षण ठरलेलं: पंखा उशिरा लागतो, लागतो तो एकदम घोंगावत, थोड्या वेळात थांबतो; एसी उभ्या गाडीत थंड करत नाही, चालत्या गाडीत करतो. लोक एसीचा गॅस भरून घेतात. रेझिस्टर काढून ओहम मोजा. एखाद-दुसऱ्या ओहमच्या आत काहीतरी दिसलं पाहिजे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो तुटलाय.

दोन पंखे असलेल्या काही गाड्यांत रेझिस्टरच नसतो. मंद गतीला दोन्ही मोटरी एकामागोमाग एक जोडल्या जातात, म्हणजे प्रत्येकीला निम्मे व्होल्ट, आणि वेगवान गतीला तीन रिले मिळून त्यांना वेगवेगळं बारा व्होल्टवर घेतात. इथे एका मोटरचा कार्बन तुटला की मंद गतीला दोन्ही पंखे बंद, आणि वेगवान गतीला एकच चालू. दोन्ही बंद दिसले म्हणून दोन्ही मोटरी बदलण्याआधी एकेक डायरेक्ट करून बघा.

*सेन्सर की स्विच?* जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच थर्मो स्विच असतो. दोन पिनांचा असेल तर कनेक्टर काढून वायरीच्या दोन्ही टोकांना जोड द्या. इग्निशन चालू असताना पंखा फिरलाच पाहिजे. फिरला तर स्विच खराब, किंवा स्विचपर्यंत गरम पाणीच पोचत नाही. ही दुसरी शक्यता लोक विसरतात. थर्मोस्टॅट बंद अडकला असेल तर इंजिन भाजतं, रेडिएटर गार राहतो, आणि स्विच आपलं काम चोख करत पंखा बंद ठेवतो.

नव्या गाड्यांत सेन्सर इंजिनवर असतो आणि पंख्याचा निर्णय ईसीयू घेतो. त्याच्या पिना आपसात जोडू नका. कनेक्टर काढून ठेवा: बऱ्याच गाड्यांत ईसीयू गोंधळून, सुरक्षिततेसाठी पंखा पूर्ण वेगात सोडतो. सोडला तर ईसीयूपासून पंख्यापर्यंतची वाट ठीक आहे. सेन्सरचा रोध तापेल तसा कमी होतो: अनेक सेन्सरमध्ये २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास, १०० ला दोनशेच्या थोडं खाली. एका भांड्यात पाणी तापवून, थर्मामीटर शेजारी ठेवून मोजता येतं. स्कॅनरवर भर उन्हात उणे ४० अंश दिसले तर सेन्सर किंवा त्याची वायर तुटलीय. कोड वाचत असाल तर पी०११८ म्हणजे सेन्सरचं सर्किट उघडं, पी०११७ म्हणजे शॉर्ट, पी०४८० म्हणजे पहिल्या पंख्याच्या कंट्रोल सर्किटमध्ये दोष. पी०१२८ आला तर गाडी नको तितकी थंड चाललीय, बहुतेक थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

*फिरतोय, पण वारा कुठाय?* पंखा सुरू असताना एक साधा कागद जाळीसमोर धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. लांब उडाला तर मोटर उलटी फिरतेय. मोटर बदलताना प्लस-मायनस उलटं जोडलं गेलं की हे होतं, आणि पंखा ‘चालू’ दिसत असल्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. कागद नुसताच लटकत राहिला तर पंख्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट फुटलीय का, रेडिएटरच्या कडांचे रबर-फोम गळून पडलेत का, ते बघा. चौकट नसली तर पंखा मागची गरम हवाच गोल गोल फिरवत बसतो. गाडीच्या पोटाखालची पत्री काढून टाकलेली असेल तर वेगातही हवा खालून निसटते.

पंखा सदानकदा चालूच राहत असेल तर रिलेचे पॉइंट चिकटलेत (रिले काढला तरच थांबतो आणि रात्रीत बॅटरी बसते), सेन्सर तुटलाय किंवा एसीच्या लाइनमधलं प्रेशर जास्त आहे. गाडी बंद केल्यावर काही मिनिटं पंखा फिरणं मात्र पुष्कळ गाड्यांत नेहमीचंच.

पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्यांत क्लच फॅन असतो. इंजिन बंद आणि गार असताना हाताने फिरवला तर थोडा जड लागतो; चांगलं तापवून इंजिन बंद करून लगेच फिरवला तर स्पष्टपणे जास्त जड लागला पाहिजे. गरम असूनही भिंगरीसारखा फिरला तर त्यातलं सिलिकॉन तेल गेलंय. क्लचच्या मध्यापासून बाहेर तेलकट, धूळ चिकटलेल्या रेषा दिसतात.

पाण्याची बाजू

पंखा निर्दोष निघाला की इकडे या. पहिल्यांदा गार इंजिनावर पातळी बघा. टाकीत पातळी ठीक असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो, म्हणून झाकण रेडिएटरवर असेल तर तेही उघडा.

झाकणाकडे कुणी बघत नाही, आणि बऱ्याच वेळा चोर तिथेच असतो. निम्मं पाणी निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. साधारण १ बार दाबाखाली तेच १२९ पर्यंत टिकतं. झाकणाचं रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली झाली की ही वीस-बावीस अंशांची मुभा जाते, कूलंट टाकीत उसळतं आणि बाहेर सांडतं. झाकणावर ०.९, १.१ असा बारमधला आकडा छापलेला असतो. बदलताना तोच हवा. झाकणाच्या मध्यभागी एक बारीक परतीची झडप असते. ती अडकली की गाडी गार होताना आत निर्वात तयार होतो आणि सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो.

थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात दोऱ्याने लटकवा, भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, म्हणजे हवा निसटते. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट नको’ हा सल्ला ऐकू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी तबकडी बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करत असते. तो काढला की पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं आणि गाडी अधिक तापते. बाकीच्यांत इंजिन कायम गार राहून इंधन जास्त खातं.

होजला हात लावून अंदाज घेताना थर्मोस्टॅट कुठे आहे ते आधी बघा. वरच्या होजच्या तोंडाशी असेल तर वरचा पाइप बराच वेळ गार राहून एकदम गरम होतो. खालच्या होजपाशी असेल तर वरचा सुरुवातीपासूनच हळूहळू तापतो आणि खालचा एकदम. हे ठाऊक नसलं की चांगला थर्मोस्टॅट उगाच फेकला जातो.

रेडिएटर दोन ठिकाणी चोक होतो. बाहेरून, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ-किडे-पिसांची गादी बसते. समोरून ती दिसतच नाही. टॉर्च वरून आत मारा. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने. प्रेशर वॉशरने फिन (जाळीच्या पातळ पत्त्या) आडव्या होतात आणि आहे तोही वारा बंद होतो. आतून चोक झाला असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने गरम रेडिएटरभर हळूहळू सरकत जा: मधेच एखादा गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चमकदार धातूवर हा थर्मामीटर चुकीचं, कमी वाचन देतो. रबरी होजवर किंवा काळी चिकटपट्टी लावून मोजा.

वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंट ओघळत असेल तर त्याचं सील गेलंय, पुढे बेअरिंगही जाणार. न गळताही पंप निकामी होतो: आतला इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) गंजून खाल्लेला असतो, किंवा प्लॅस्टिकचा इंपेलर दांड्यावर सैल होऊन नुसता बसून राहतो. इंजिन गरम, थर्मोस्टॅट उघडा, तरी खालचा होज गार आणि रेस दिल्यावरही हीटर कोमट, असं असेल तर पंप काढून बघावाच लागतो. खालच्या होजवर नजर ठेवून कुणालातरी ३००० आरपीएमपर्यंत रेस द्यायला सांगा. पाइप आत ओढला गेला तर त्याच्यातली स्प्रिंग गंजून गेलीय.

कूलंट कुठे जातंय तेच कळत नसेल तर गार इंजिनावर प्रेशर टेस्टर लावून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. दाब उतरला तर गळती आहे. बाहेर कुठेच ओल नसेल तर पायाखालचा गालिचा चाचपा. तो ओला आणि आत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, म्हणजे हीटरचा कोअर (डॅशबोर्डमागची गरम पाण्याची जाळी) फुटलाय. तेही नसेल तर संशय हेड गॅस्केटवर.

हेड गॅस्केट

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी कोमटही व्हायच्या आत वरचा होज टणक झाला, तर तो दाब वाफेचा नव्हे, सिलिंडरमधल्या गॅसचा. टाकीत सतत बुडबुडे, सकाळी पांढरा गोडसर वासाचा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, ही बाकीची लक्षणं. चारही एकत्र दिसतातच असं नाही. आणि फक्त थंड हवेत, छोट्या फेऱ्यांत झाकणाखाली थोडी साय येते तेवढ्यावर हेड उघडू नका. खात्रीसाठी गॅस तपासणीचं निळं द्रव मिळतं: टाकीच्या तोंडाशी धरल्यावर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडलं तर निकाल लागला. हेड उघडलंच तर त्याचा सपाटपणा सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) मोजून घ्या. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असेल आणि फेस न मारता (पृष्ठभाग सपाट करून न घेता) नवं गॅस्केट घातलं, तर ते फार दिवस धरत नाही.

भरणे आणि हवा काढणे

बऱ्याच ‘परत तापते’ तक्रारी इथे जन्माला येतात. कूलंट रंगावर घेऊ नका, कोणता रंग म्हणजे कोणता प्रकार हे सगळीकडे एकच नसतं; मॅन्युअलमधला प्रकार बघा. वेगळ्या जातीची कूलंट मिसळली तर गाळ बसू शकतो. नळाच्या पाण्यातले क्षार नळ्यांत साचतात, तेव्हा मिश्रणाला डिस्टिल्ड पाणीच घ्या. निव्वळ अँटिफ्रीझही (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओतू नका, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

गाडीचं नाक थोडं वर येईल अशी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करा. हळूहळू भरा, स्क्रूतून बुडबुड्याविना सलग धार आली की तो घट्ट करा. इंजिन सुरू करून मधूनमधून २००० आरपीएमपर्यंत न्या, होज हाताने दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरत राहा. पाणी तापून वर चढायला लागायच्या आत झाकण लावा. पंखा दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत आणि हीटरमधून सलग गरम हवा येईपर्यंत इंजिन थांबवू नका. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तर हवा अजून आत आहे.

रस्त्यातच तापली तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात: हीटरचा कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. ट्रॅफिकमध्ये असाल तर न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन पंप वेगात फिरवा. काटा लाल पट्टीत गेला किंवा बॉनेटखालून वाफ आली तर बाजूला घेऊन लगेच बंद करा. वाफ थांबल्यावरच बॉनेट उघडा, आणि झाकणाला हात लावण्याआधी किमान पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पाणी घालायचंच असेल तर इंजिन निवल्यावर, सुरू करून, बारीक धारेने. पंखा गेलाय हे ठाऊक असेल आणि मुक्काम जवळ असेल, तर रिले सॉकेटमध्ये ३०-८७ जोडून पंखा सतत चालू ठेवता येतो. पोचल्यावर ती वायर आठवणीने काढा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असेल.

दुरुस्तीनंतर स्कॅनर लावून वीस मिनिटं एसीसह उभ्या गाडीत आणि वीस मिनिटं वेगात, असं दोन्ही बघा. पंखा कितीला लागला आणि कितीला थांबला ते आकडे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बघून टाकीवर मार्करने रेघ मारा, आणि आठवड्याने पुन्हा त्याच रेघेशी ताडून पाहा. रेघेखाली गेली असेल तर प्रेशर टेस्टर पुन्हा काढा.